पत्र लिहिणाऱ्याचं नाव कुठल्या यादीत आहे?

या ब्लॉगवर मी बहुतेक वेळा पाण्याबद्दल लिहिते, कारण माझी पीएचडी त्यातच चालू आहे. आजचा पेपर मात्र राज्यशास्त्राचा आहे. शहरातली माणसं आपल्या अडचणी नगरसेवकाला सांगतात तेव्हा तो कुणाचं ऐकतो, असा साधा प्रश्न त्यात विचारलाय आणि उत्तर शोधण्यासाठी चक्क प्रयोग केलाय. समाजशास्त्रात 'प्रयोग' म्हटलं की आम्ही विज्ञानवाले जरा नाक मुरडतो. हा पेपर वाचल्यावर तसं करायची सोय राहत नाही. पेपर चांगला आहे. पण त्यातून निघणारा उपाय राजूरसारख्या गावातून पाहिला की अर्धाच वाटतो, आणि आजचं लिखाण मुख्यतः त्याबद्दल आहे.

पेपर आहे निखर गायकवाड (कोलंबिया विद्यापीठ) आणि गॅरेथ नेलिस (कॅलिफोर्निया विद्यापीठ, सॅन डिएगो) यांचा. २०२१ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ पॉलिटिकल सायन्स'मध्ये छापून आला. शीर्षकातच प्रश्न आहे, मराठीत सांगायचं तर: राजकारणी देशांतर्गत स्थलांतरितांशी भेदभाव करतात का?

त्यांनी काय केलं, तर भारतातल्या अनेक शहरांमधल्या जवळपास तीन हजार नगरसेवकांना टपालाने पत्रं पाठवली. पत्र लिहिणारी माणसं काल्पनिक होती. पत्रात एका साध्या कामासाठी मदत मागितलेली, आणि कृपया या नंबरवर फोन करावा अशी विनंती. काही पत्रांत लिहिणारा म्हणतो की मी याच शहरातला, पूर्वीपासूनचा. काही पत्रांत तो म्हणतो की मी बाहेरगावाहून इथे राहायला आलोय. कोणत्या नगरसेवकाला कोणतं पत्र जायचं हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. मग फोनची वाट बघायची आणि कुणाचे किती आले ते मोजायचं.

चिठ्ठ्या टाकण्याला एवढं महत्त्व का? समजा, आपण प्रत्यक्ष लोकांना विचारलं असतं की तुमचं काम झालं का, तर स्थानिक आणि बाहेरचे यांच्यात इतर शंभर फरक निघाले असते. स्थानिक माणूस जास्त शिकलेला असेल, त्याची कुणाशी ओळख असेल, त्याचं कामच सोपं असेल. मग फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. इथे पत्र तेच, काम तेच, फक्त 'मी बाहेरून आलोय' एवढंच बदललेलं. म्हणजे फोनमध्ये जो फरक पडेल तो त्या एका वाक्याचा. दोन परीक्षानळ्यांत सगळं सारखं ठेवून एकीतच एक थेंब टाकावा, तसं.

निकाल असा की बाहेरून आलेल्याच्या पत्राला फोन येण्याची शक्यता स्थानिकाच्या तुलनेत २३ टक्क्यांनी कमी होती.

हा आकडा नीट वाचायला हवा, कारण बातम्यांमध्ये असे आकडे हमखास चुकतात. २३ टक्के कमी म्हणजे शंभरातले २३ फोन कमी, असं नव्हे. समजा (हे उदाहरण माझं, पेपरमधलं नाही) स्थानिकांच्या शंभर पत्रांपैकी वीसांना फोन आला, तर बाहेरच्यांच्या शंभरपैकी पंधरा-सोळांना येईल. वीसातून पाच गेले, म्हणजे साधारण २३ टक्के कमी. खरं तर बहुसंख्य पत्रांना, लिहिणारा स्थानिक असो की बाहेरचा, फोन आलाच नाही. पेपरचा मुद्दा भेदभावाचा आहे म्हणून ही गोष्ट मागे पडते, पण मला तीही तितकीच बोलकी वाटते.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. हे असं का होतं? नगरसेवकाला बाहेरच्यांचा राग आहे म्हणून? लेखकांचं म्हणणं असं की मामला मतांचा आहे. बाहेरून आलेल्याचं नाव इथल्या मतदारयादीत नसणार असं नगरसेवक गृहीत धरतो. मग त्याच्यासाठी वेळ कशाला घालवायचा? हे तपासायला त्यांनी आणखी एक प्रयोग केला. त्यात बाहेरून आलेल्या माणसाने पत्रातच सांगितलं की माझं नाव इथल्या यादीत आहे. असं लिहिलं की प्रतिसाद वाढतो.

इथपर्यंत मला काही अडचण नाही. उलट एक समजूत यातून मोडते. महाराष्ट्रात 'बाहेरचा' म्हटलं की डोळ्यासमोर उत्तर प्रदेश-बिहारचा माणूस आणला जातो, आणि वाद भाषेवर जातो. मतदारयादीच्या हिशेबाने मात्र पुण्यातल्या एखाद्या बांधकामावर राहणारा अकोले तालुक्यातला ठाकर किंवा महादेव कोळी माणूसही तेवढाच बाहेरचा आहे. तो मराठी बोलतो, याच राज्यातला आहे, अगदी शेजारच्या जिल्ह्यातला आहे. पण त्याचं नाव राजूरच्या नाहीतर आसपासच्या एखाद्या वाडीच्या यादीत आहे. नगरसेवकाच्या वहीत त्याची किंमत शून्य.

आमच्याकडचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. राजूर प्रवरेच्या वरच्या खोऱ्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवर. अकोले तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय राजूरलाच आहे. पाऊस भरपूर, भात चांगला, पण दिवाळीच्या सुमारास सोंगणी संपली की हाताला काम राहत नाही. एवढं मोठं धरण उशाला असून वरच्या वाड्यांवर उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरावं लागतं, हे वेगळंच. मग माणसं उतरतात. बरीच जण नारायणगाव, आळेफाटा, ओतूर या पट्ट्यात भाजीपाल्याच्या कामाला जातात. नारायणगावात पहाटे मजुरांचा बाजारच भरतो. काही पुढे पुणे, नाशिक, कल्याण-ठाण्याकडे बांधकामावर. पावसाच्या तोंडावर परत, आवणीला हजर. नोकरी-शिक्षणासाठी कायमची गेलेली मंडळी वेगळी. ती फ्लॅट घेतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात, नगरसेवकाचा वाढदिवसाचा फ्लेक्स त्यांच्या गेटसमोरच लागतो. माझा प्रश्न आवणीला परत येणाऱ्यांचा आहे.

आता पेपरवरचे माझे आक्षेप.

पहिला आक्षेप पत्राबद्दल. पुण्यात किंवा नाशकात नगरसेवकाला टपालाने पत्र कोण पाठवतं? ज्याला पत्र लिहिता येतं, ज्याला नगरसेवकाचा पत्ता माहीत आहे, आणि ज्याला अनोळखी नेत्याला लिहायची भीड वाटत नाही, तो. आमच्या भागातला मजूर यातलं काहीच करणार नाही. लाइट गेली, नळाला पाणी नाही, मुकादमाने पैसे बुडवले, तर तो आधी गावाकडच्या माणसाला फोन लावतो. गावातला कार्यकर्ता शहरात ओळखीचं कुणी शोधतो, तो आणखी कुणाला सांगतो, आणि नशीब असेल तर काम होतं. हा वळसा मी लहानपणापासून पाहतेय. राजूरला तर त्याची सवयच लागलीय, कारण आमच्याकडे मोठा नेता दूर कधी नव्हताच. मधुकरराव पिचड राजूरचेच. १९८० पासून सलग सात वेळा ते अकोल्यातून आमदार झाले, आदिवासी विकास मंत्री होते. दारात जाऊन बसायचं आणि गाऱ्हाणं सांगायचं, हीच गावाची पद्धत होऊन बसली. अर्ज नंतर, आधी भेट. (या पद्धतीत कुणाचं काम होतं आणि कुणाचं राहतं, यावर कुणीतरी वेगळी पीएचडी करावी.)

तेव्हा पत्राचा प्रयोग मोजतो ती गोष्ट खरी आहे, पण ती एका अरुंद नळीतली आहे. माझ्या कामातलं उदाहरण देते. गावातल्या पाण्याची गुणवत्ता तपासायची आणि नमुने फक्त पाणी येणाऱ्या नळांतून घ्यायचे, तर अहवाल छान येतो. कोरडे नळ त्यात येतच नाहीत. नगरसेवकाकडे पोचलेल्या पत्रांचं तसंच, आणि महापालिकेच्या ॲपवरच्या तक्रारींचं तर जास्तच. हल्ली प्रत्येक महापालिका डॅशबोर्ड दाखवते: अमुक वॉर्डातून इतक्या तक्रारी, इतक्या निकाली. मुंबईत प्रजा फाउंडेशन दरवर्षी महापालिकेकडच्या तक्रारींची आकडेवारी मिळवून अहवाल काढते. नगरसेवकांनी सभागृहात काय प्रश्न विचारले त्याच्याशी ती ताडूनही बघते. हे काम मोलाचंच आहे, याशिवाय आपल्याकडे काहीच नसतं. पण वाचणाऱ्याने इतकं लक्षात ठेवावं की कमी तक्रारी म्हणजे कमी त्रास असं समीकरण नाही. कचऱ्याची सर्वाधिक ओरड जिथून येते तिथेच सर्वाधिक कचरा असेल असंही नाही. ओरडायला वेळ, स्मार्टफोन आणि 'माझं ऐकलं जाईल' हा भरवसा लागतो.

गायकवाड-नेलिस यांच्या बाजूने सांगायचं तर त्यांना हे ठाऊक नसेल असं मी म्हणत नाही. नगरसेवकाचा कल मोजायला पत्र हे सोयीचं साधन आहे, कारण ते सगळ्यांसाठी सारखं ठेवता येतं. दारात आलेला माणूस सारखा ठेवता येत नाही. अडचण पेपरमध्ये कमी आणि पेपरच्या वापरात जास्त आहे. 'नागरिक पत्र लिहितात, नेते उत्तर देतात' हे चित्र आपण शहराचं खरं चित्र म्हणून धरलं की गडबड होते. ॲडम ऑयरबाख आणि तारिक थाचिल यांचं 'मायग्रंट्स अँड मशीन पॉलिटिक्स' हे २०२३ चं पुस्तक याला चांगलं पूरक आहे. जयपूर आणि भोपाळच्या वस्त्यांमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. बाहेरून आलेली माणसं एकेकटी पत्रं लिहीत नाहीत. ती वस्तीतला आपला पुढारी निवडतात, आणि निवडताना तो आपल्या जातीचा आहे का यापेक्षा शिकलेला आहे का, कचेरीत त्याची ओळख आहे का, हे पाहतात. कारण अर्ज त्यालाच लिहायचा असतो. म्हणजे पत्र आहेच, पण ते वस्तीचं आहे, खाली पन्नास सह्या-अंगठे आहेत.

आपल्याकडेही हे नवं नाही. घाटावरून मुंबईत गेलेल्या हमालांचं म्हणणं सरकारपर्यंत पोचलं ते अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी संघटनेमुळे, आणि १९६९ चा माथाडी कायदा त्यातून आला. त्या वेळी त्यातल्या किती जणांची नावं मुंबईच्या यादीत होती हे कुणी विचारत बसलं नसेल. बाजार बंद पडू शकतो एवढं पुरेसं होतं. मताखेरीजही वजन असू शकतं, हे या पेपरच्या चौकटीत बसत नाही.

दुसरा आक्षेप थोडक्यात. प्रयोगात एक पत्र एका नगरसेवकाला जातं आणि उत्तर द्यायची जबाबदारी त्याची. मुंबई सोडली तर महाराष्ट्रातल्या महापालिकांत असं नाही. २०१७ ला पुण्यात १६२ नगरसेवक ४१ प्रभागांतून निवडले गेले, बहुतेक प्रभागांत चार-चार. २०१२ ला दोन-दोनचे प्रभाग होते, २००७ ला एकेकाचे, २००२ ला तीन-तीनचे. प्रभाग इतका मोठा की एका टोकाची वस्ती दुसऱ्या टोकाच्या नगरसेवकाने पाहिलेलीही नसते. चौघांत काम कुणाचं? स्थानिक, मतदार, सुशिक्षित माणसालाही चारही दारं वाजवावी लागतात. चारही जण आपलं नाव सांगतात ते फक्त उद्घाटनाच्या पाटीवर. बाहेरून आलेल्याला तर आपला नगरसेवक कोण, याचं उत्तरच मिळत नाही.

आणि मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत पुणे-मुंबईत नगरसेवक नव्हतेच. मुदत संपली, प्रशासक बसले, आरक्षणाचं आणि प्रभागरचनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलं. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांसाठी एकदम मतदान झालं. जवळपास चार वर्षं पत्र पाठवायचं तर कुणाला? लोक 'माजी'कडे जात राहिले, आणि माजीही, पुढच्या तिकिटावर डोळा ठेवून, जमेल तसं करत राहिले. संशोधकांसाठी हा आयता प्रयोग होता. लेखकांचं म्हणणं बरोबर असेल, म्हणजे सगळा खेळ मतांचा असेल, तर ज्याला निवडणूक लढवायची नाही अशा प्रशासकाच्या राजवटीत स्थानिक आणि बाहेरचा यांच्यातली दरी कमी व्हायला हवी होती. निदान अधिकाऱ्यांच्या बाबतीत तरी. ती कमी झाली का, हे त्या चार वर्षांतले अर्ज काढून कुणी पाहिलं तर मी तो पेपर त्याच दिवशी वाचेन.

आता मुख्य मुद्दा, उपायाचा. दुसऱ्या प्रयोगातून सरळ असा अर्थ निघतो की बाहेरून आलेल्यांची नावं शहराच्या यादीत आणा, नगरसेवक ऐकायला लागेल. याच दोघांनी पुढे ते करूनही पाहिलं. दिल्ली आणि लखनौमध्ये स्थलांतरितांच्या घरी जाऊन फॉर्म भरायला, कागदपत्रं जमवायला मदत केली. नोंदणी २४ टक्के-बिंदूंनी वाढली आणि २०१९ च्या निवडणुकीत मतदान २० टक्के-बिंदूंनी. (इथे मात्र खरोखर शंभरातले २४ आणि २० जास्त. वरच्या २३ शी तुलना करू नका.) एवढा मोठा परिणाम समाजशास्त्राच्या प्रयोगांत क्वचित दिसतो. फॉर्म भरायला कुणी मदत केली तर लोकांना यादीत यायचंच आहे, हे यातून कळतं.

ज्याने शहरात बिऱ्हाड केलंय त्याच्यासाठी हा उपाय उत्तम. आमच्या वाडीवरच्या माणसासाठी?

कायदा काय म्हणतो बघा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५०. नाव एकाच ठिकाणी असावं, दोन मतदारसंघांत नाही, आणि ते 'सर्वसाधारण रहिवासा'च्या जागी. त्याच कायद्यात असंही आहे की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास तुटत नाही. म्हणजे सहा महिने कामावर जाऊन परत येणारा मजूर कायद्याने राजूरचाच मतदार. ठीक आहे, तसंच असायला हवं. पण मग तो ज्या शहरात सहा महिने पाणी पितो, उघड्यावर जातो, पोरांना अंगणवाडीविना ठेवतो, तिथल्या नगरसेवकाच्या लेखी तो कायमचाच बाहेरचा राहणार. यात त्याचा आळस नाही, अडाणीपणाही नाही. कायदा त्याला एक यादी निवडायला लावतो आणि तो शहाणपणाने गावाची निवडतो.

शहाणपणाने का म्हणते? गावातलं नाव म्हणजे ग्रामसभा. राज्यघटनेत ग्रामसभेची व्याख्याच मतदारयादीवर बेतलेली आहे: यादीत नाव तो सदस्य. अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्यामुळे ग्रामसभेला जमीन, वनोपज, गौण खनिज यांबाबत जास्तीचे अधिकार आहेत, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार वाडी-पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. नाव पुण्याला नेलं की हे सगळं सुटलं. त्याबदल्यात मिळणार काय, तर चार नगरसेवकांपैकी एखादा कदाचित फोन करेल, तोही पत्र लिहिलं तर. मी त्याच्या जागी असते तर मीही नाव हलवलं नसतं. शिवाय रेशन, जातीचा दाखला, घरकुलाची यादी यांपैकी कशाचा मतदारयादीशी काय संबंध हे कागदावर वेगळं असलं, तरी 'नाव काढलं की सगळं जाईल' ही धास्ती खरी आहे आणि ती घालवायला कुणी वाडीवर आलेलं नाही.

ग्रामसभा म्हणजे स्वर्ग असं समजू नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा. पैकी २६ जानेवारीला आमची निम्मी वाडी खाली कामावर असते. १५ ऑगस्टला सगळे घरी, पण कुणाची आवणी राहिलेली. गणसंख्या भरली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेत चार टाळकी जे ठरवतील ते. तरी तिथे एक गोष्ट आहे जी शहरात मला दिसत नाही: उठून प्रश्न विचारता येतो, आणि ग्रामसेवकाला तो इतिवृत्तात लिहावा लागतो. न लिहिल्यास भांडता येतं.

शहरासाठी याच धर्तीची तरतूद कागदावर आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या. पण मुंबईत २२७ नगरसेवकांमागे १७ समित्या, म्हणजे एकेका समितीखाली लाखो माणसं, आणि त्यात बसतात नगरसेवकच. सामान्य माणसासाठी होती ती क्षेत्रसभा. २००९ मध्ये राज्याच्या महापालिका कायद्यात ती आली. तुम्ही शहरात राहत असाल तर आठवून बघा, तुमच्या भागाच्या क्षेत्रसभेची नोटीस शेवटची कधी पाहिली? आणि भरली असती तरी तिचे सदस्य कोण? त्या भागाच्या मतदारयादीत नाव असलेले. पुन्हा तीच यादी.

म्हणून मला वाटतं, पेपरचा निष्कर्ष बरोबर आहे पण बोट चुकीच्या जागी ठेवलंय. तो म्हणतो, माणसाला यादीत आणा. मी म्हणेन, गाऱ्हाणं ऐकण्याची यादी आणि मत देण्याची यादी या दोन वेगळ्या गोष्टी असू द्या. मत एकाच जागी असावं, याला माझा आक्षेप नाही. २०२५ च्या शेवटी दुबार नावांवरून राज्यात केवढा गदारोळ झाला ते आपण पाहिलंच. त्यात खरे घोळही असतील. पण दोन ठिकाणी नाव असलेला प्रत्येक जण चोर नसतो, काही जण खरोखर दोन ठिकाणी जगतात, हे त्या सगळ्या आरडाओरड्यात मला कुठे ऐकू आलं नाही. पाणी, संडास, दवाखाना मागायला मात्र मत कशाला लागावं? तो माणूस आज तिथे राहतोय एवढं पुरे. निवडणूक आयोगाच्याच नियमांत याचा एक नमुना आहे. ज्याला घर नाही त्याचं नाव नोंदवताना पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. बीएलओ रात्री जाऊन बघतो की माणूस खरंच तिथे झोपतो का. झोपतो, म्हणजे तिथला. क्षेत्रसभेला हीच कसोटी लावली तर बिघडेल काय?

जाता जाता एक गंमत. २०११ च्या जनगणनेत देशात साधारण ४५ कोटी स्थलांतरित आहेत, आणि त्यातला सर्वात मोठा गट लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा. त्यांना कुणी 'बाहेरची' म्हणून मतदारयादीबाहेर ठेवत नाही, उलट निवडणूक आली की सासरचे पुढारी स्वतः फॉर्म आणून देतात. नाव हलवणं अवघड नाही, कुणाला तरी त्या मताची गरज असावी लागते. हा लेखकांच्याच बाजूचा पुरावा झाला.

निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला आणि पुढच्या महिन्यात पक्षांना दाखवायला बोलावलं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ, म्हणजे पुण्यात बसून अकोल्याचं मत देता येईल. पक्षांनी शंका काढल्या आणि ते मागे पडलं. आलं तर मला आनंदच होईल, बस भरून मतदानाला गावी आणायचे प्रकार कमी होतील. पण बघा, त्याने पुण्याच्या नगरसेवकाचं काय बदलेल? त्याच्या प्रभागात राहणारा मजूर आता त्याच्या नाकासमोर दुसऱ्याच माणसाला मत देईल, एवढंच.

प्रयोगाच्या नैतिकतेबद्दल विचारलं जाईल म्हणून सांगते. खोट्या नावाने पत्रं पाठवून लोकप्रतिनिधींचा वेळ घेणं बरोबर का, यावर या क्षेत्रात बराच वाद आहे. माझं मत असं की एका नगरसेवकाला एखाद-दुसरं पत्र, आणि त्यातून तीन हजारांच्या वागणुकीबद्दल काही कळत असेल, तर चालेल. वाईट याचं वाटतं की ज्या खऱ्या माणसांच्या नावाने हे होतं त्यांच्यापर्यंत निकाल कधी पोचत नाही. पेपर इंग्रजीत, बऱ्याच जर्नलांना पैसे, आणि नारायणगावच्या मजूर बाजारात पहाटे उभं राहणाऱ्याला हे कोण सांगणार?

मला करता आला असता तर मी प्रयोग थोडा वेगळा केला असता. टपाल नको. एकाच प्रभागातल्या दोन वस्त्या घ्यायच्या, दोन्हीकडे पाण्याचा त्रास सारखा (हे मोजायला मी येईन, तेवढं मला जमतं). एकीत बहुतेक मतदार, दुसरीत बहुतेक हंगामी मजूर. दोन्हीकडून तेच निवेदन, एकदा एकट्याच्या सहीने, एकदा पन्नास जणांच्या, एकदा गावाकडच्या सरपंचाच्या पत्रासह. फोन आला का ते मोजायचं नाही, नळाला पाणी आलं का ते मोजायचं. नमुना बाटलीत भरून तारीख टाकायची. आत्ता जानेवारीत नवे नगरसेवक बसलेत, पुढची दिवाळी झाली की माणसं खाली उतरतील. वेळ आहे.